मासा नाचतोय की घुसमटतोय?

*फिशटँकमधल्या माशांचे नखरे बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही. पण यातले काही नखरे म्हणजे तब्येतीची तक्रार असते. कुठली मस्ती आणि कुठली तक्रार, हे ओळखायचं कसं?*

रील्स स्क्रोल करताना दिवसातून एखादा तरी मासा समोर येतोच. काचेला तोंड लावून वरखाली ‘डान्स’ करणारा एंजल, आरसा दाखवल्यावर ‘भडकणारा’ फायटर, पाण्याबाहेर तोंड काढून ‘गप्पा मारणारा’ गोल्डफिश. मागे एखादं ट्रेंडिंग गाणं, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. आता हेच तीन व्हिडिओ अनेक वर्षं मासे पाळणाऱ्या कुणाला तरी दाखवा. तो हसायच्या आधी विचारेल, ‘‘टँक केवढा आहे? पाणी कधी बदललं होतं?’’

मासा हा कॉलेजवाल्यांच्या सोयीचा पेट. कुत्र्याला घरमालक नाही म्हणतो, मांजरीला आई नाही म्हणते, मग टेबलावर एक छोटा टँक येतो. मासा भुंकत नाही, सोफा ओरबाडत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही. पण याच सोयीत एक गोची आहे. कुत्र्याला बरं वाटत नसेल तर तो कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते. माशाला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर हावभाव नाहीत, आणि त्याचा आवाज सहसा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्याकडे सांगायला एकच भाषा आहे, ती म्हणजे त्याचं वागणं. आणि नेमकं तेच आपण करमणूक म्हणून बघतो.

पाण्यावर येऊन ‘गप्पा’

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो या नखऱ्याबद्दल. मासा वर येतो, तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा खाली जातो. याचा अर्थ काय, हे मासा कोणता आहे यावर ठरतं.

फायटर, म्हणजे बेट्टा, असेल तर काळजीचं कारण नाही. हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या देशांतला. भाताची खाचरं, दलदल, गवताने भरलेली उथळ डबकी हे त्याचं गाव. तिथल्या कोमट, साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. म्हणून त्याच्या कल्ल्यांच्या वर भूलभुलैयासारख्या घड्यांचा एक खास अवयव असतो, त्यातून तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हा त्याचा रोजचा श्वास आहे. त्यामुळे टँक झाकणापर्यंत काठोकाठ भरू नये, वर थोडी हवा राहू द्यावी.

तळाशी मिशांनी खडी उकरत फिरणारा कोरीडोरासही असाच. तो मध्येच रॉकेटसारखा सुसाट वर जातो, एक घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. ही हवा तो चक्क गिळतो आणि तिच्यातला ऑक्सिजन आतड्यातून शोषून घेतो. दिवसातून काही वेळा असं केलं तर बिनधास्त राहा. याच माशाची आणखी एक गंमत म्हणजे तो डोळा मारतो. पापणी नसताना डोळा मारणार कसा? तो बुबुळ झर्रकन खाली फिरवतो आणि आपल्याला वाटतं, पठ्ठ्याने आपल्यालाच इशारा केला.

आता हेच वागणं गोल्डफिश, गप्पी किंवा टेट्राचं असेल तर चित्र बदलतं. हे मासे श्वासासाठी कल्ल्यांवर अवलंबून असतात. ते सगळे पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून भराभर तोंड उघडमीट करत असतील, तर गप्पा वगैरे काही चाललेलं नाही. त्यांना श्वास पुरत नाही. लाइट गेल्यामुळे फिल्टर आणि एअर पंप दोन-तीन तास बंद पडले असतील, टँकमध्ये गर्दी झाली असेल, किंवा पाण्यात अमोनिया वाढला असेल.

या अमोनियाची गोष्ट प्रत्येक नव्या टँकवाल्याला माहीत हवी. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. टँकमध्ये मात्र तो तिथेच राहतो आणि कल्ले भाजून काढतो. त्याचा बंदोबस्त करतात ते बॅक्टेरिया. एका प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीवर या बॅक्टेरियांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी टँक घेतो आणि त्याच संध्याकाळी त्यात दहा मासे सोडतो. पहिल्या पंधरवड्यात मासे पटापट मरतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, आणि आपण म्हणतो, ‘दुकानदाराने आजारी मासे दिले.’

दुसरी गडबड सफाईच्या दिवशी होते. सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी घासायची, स्पंज नळाखाली धुऊन चकाचक करायचा. टँक आरशासारखा दिसतो, पण बॅक्टेरियांची बसलेली वस्ती नळाच्या क्लोरीनमध्ये साफ होते. त्यापेक्षा आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढूनच घाला आणि स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळून घ्या.

काचेवरच्या येरझाऱ्या

मासा काचेला नाक लावून वर-खाली, वर-खाली करतोय. मासे पाळणारे याला ‘ग्लास सर्फिंग’ म्हणतात. नाव कूल आहे, पण हे वागणं पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझाऱ्यांच्या जवळचं आहे. नव्या टँकमध्ये एक-दोन दिवस असं होऊ शकतं. जेवणाची वेळ झाली आणि तुम्ही समोर आलात, तरी होतं. पण दिवसभर, रोज चालू असेल तर जागा अपुरी आहे, पाणी बिघडलंय, लपायला आडोसा नाही, किंवा त्याला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय.

प्रतिबिंबावरून फायटरचा आरसेवाला व्हिडिओ आठवला असेल. आरसा दिसला की नर फायटर कल्ल्यांची झाकणं फुलवतो, सगळे पर ताणतो आणि दुप्पट मोठा दिसायला लागतो. त्याच्या लेखी समोर दुसरा नर त्याच्या हद्दीत घुसलाय. थाई भाषेत या माशाला ‘प्ला कट’, म्हणजे चावणारा मासा, म्हणतात. तिथे त्याच्या झुंजी लावण्याची जुनी परंपरा आहे आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. झुंजीत एक मासा हरला की पळतो. आरशातला मासा मात्र हरतही नाही आणि पळतही नाही. आपण पाच मिनिटं हसतो, तेवढा वेळ तो न संपणारी लढाई लढत असतो. एखाद-दोन मिनिटं ठीक आहे, पण टँकच्या मागेच ड्रेसिंग टेबल असेल किंवा दोन फायटरचे जार शेजारी शेजारी ठेवले असतील, तर ती लढाई दिवसरात्र चालते. मध्ये एक साधा पुठ्ठा लावला तरी दोघांचा जीव भांड्यात पडतो.

आणि हो, काचेवर टकटक करू नका. माशाच्या दोन्ही अंगांवरून एक बारीक रेषा जाते. पाण्यातली हालचाल टिपणारी ही त्याची जास्तीची संवेदना. आपली छोटीशी टकटक त्याला अंगावर आल्यासारखी जाणवते.

मेला की झोपला?

सकाळी उठून बघावं तर बोटिया एका कुशीवर आडवा. पट्टेदार, केशरी-काळा, देखणा मासा खडीवर निपचित पडलाय. रडू यायच्या बेतात असतं, तेवढ्यात तो उठतो आणि काही झालंच नाही अशा थाटात चरायला लागतो. इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरून आलेला हा क्लाउन लोच असाच झोपतो. आडवा, तिरपा, कधी दोन दगडांच्या फटीत डोकं खुपसून. मूडमध्ये असला की तो ‘टक टक’ असा आवाजही काढतो आणि हा आवाज चक्क काचेबाहेर ऐकू येतो.

ऑस्करची तऱ्हा आणखी वेगळी. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा थोराड मासा मालकाच्या मागे काचेतून फिरतो, हातातून खातो, टँकमधली सजावट उचकटून आपल्या मनासारखी लावतो. पाणी बदललं किंवा सामान हलवलं की तो रुसल्यासारखा तळाशी आडवा होतो आणि खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाळणारे याला ‘सल्किंग’ म्हणतात. हा ताणाचा परिणाम आहे. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत तो ताळ्यावर येतो. त्यापेक्षा जास्त लांबलं, किंवा श्वास जोरजोरात चालला असेल, तर मात्र पाणी तपासा.

निऑन टेट्राचा निळा-लाल पट्टा रात्री फिका पडतो. अंधारात अचानक लाइट लावला तर मासे आजारी वाटावेत इतके पांढुरके दिसतात. थोड्या वेळाने रंग परत येतो. मासे झोपतात का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या छोट्याशा झेब्राफिशने दिलंय. मुंबईच्या टीआयएफआरसह जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा अभ्यासला जातो. त्याची झोप मोडली, तर नंतर अंधारात तो ती भरून काढतो, असं संशोधकांना दिसलं. म्हणजे परीक्षेच्या काळात तुम्ही पहाटे तीनपर्यंत ट्यूबलाइट लावून बसता, तेव्हा नाइट मारणारे तुम्ही एकटेच नसता. टँकवर कापड टाका. दिवसाला आठ-दहा तास उजेड त्याला पुरे होतो.

थंडीतला आळस मात्र वेगळा. पुण्या-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चांगलाच उतरतो. फायटरला २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं. पाणी गार झालं की तो तळाशी बसून राहतो, खात नाही, रंग उतरतो. ‘हल्ली शांत झालाय’ म्हणून त्याचं कौतुक करू नका, हीटर लावा.

किस, ब्रेकअप वगैरे

ॲक्वेरियमच्या दुकानात जोडप्यांची सगळ्यात जास्त गर्दी किसिंग गौरामीसमोर असते. दोन गुलाबी मासे ओठाला ओठ लावून एकमेकांना ढकलतायत. मोबाइल निघतात, फोटो होतात. वास्तविक तिथे कुस्ती चालू असते. जाड, खरखरीत ओठांनी शेवाळ खरवडणारा हा मासा त्याच ओठांनी ताकद आजमावतो. जो आधी मागे हटेल तो हरला. व्हॅलेंटाइन डेला ही जोडी गिफ्ट देणार असाल, तर तुम्ही नेमकं काय गिफ्ट देताय, ते एकदा तपासून घ्या.

खरं प्रेम बघायचं असेल तर कॉन्व्हिक्ट सिक्लिड बघा. मध्य अमेरिकेतला हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे कैद्याच्या कपड्यातला मासा. जोडी जमली की दोघं मिळून अंडी राखतात, पिलं सांभाळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये या माशांवरचा एक भारी प्रयोग प्रसिद्ध केला. आधी माशांच्या माद्यांना शिकवलं की एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ असतो, दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली काहीच नसतं. मग तिसरंच, मधल्या रंगाचं झाकण समोर ठेवलं. ज्या मादीजवळ तिचा आवडता जोडीदार होता, ती मधल्या झाकणाकडेही आशेने गेली. जिचा आवडता नर काढून नावडता ठेवला होता, ती रेंगाळली, जणू ‘याच्याखाली काय असणार आहे’ असा तिचा सूर. माणसाच्या भाषेत आपण याला निराशा म्हणतो. मासा आपल्यासारखा दुःखी होतो, असा दावा यातून करता येत नाही. पण त्याला काही आवडतं, काही नावडतं आणि त्याचा परिणाम पुढच्या वागण्यावर होतो, एवढं नक्की दिसलं.

तीन सेकंदांची मेमरी?

‘गोल्डफिशची मेमरी आहे तुझी!’ हा टोमणा आता बंद करायला हवा, कारण तो माशाचा अपमान आहे. इस्राएलमधल्या बेन गुरिऑन विद्यापीठातल्या संशोधकांनी चाकांवर पाण्याचा टँक बसवला. मासा ज्या दिशेने पोहेल त्या दिशेला गाडी जाणार, अशी त्याची रचना होती. मग गोल्डफिशना तो चालवायला शिकवलं. २०२२ मध्ये हा प्रयोग जगभर गाजला. सहा मासे जमिनीवरून गाडी ‘चालवत’ ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचायला शिकले. सुरुवातीची जागा बदलली, वाटेत अडथळे आले, तरी त्यांनी खूण शोधली. तीन सेकंदांच्या मेमरीवर लायसन्स मिळत नाही!

मग मासा आपल्याला ओळखतो का? आर्चरफिश नावाचा मासा तोंडातून पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा पाडतो. या माशांना २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. शिकवलेल्या चेहऱ्यावर पिचकारी मारायची, बाकीच्यांवर नाही. अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीतून त्यांनी ८० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर चेहरा निवडला. तुमचा गोल्डफिश दादापेक्षा तुम्हाला बघून जास्त उड्या मारत असेल, तर तो अगदीच भ्रम असेल असं नाही. अर्थात तुमच्या हातात पेलेटचा डबा असतो, हेही विसरू नका. ठरावीक वेळी खाणं मिळालं की मासे त्या वेळेच्या आधीच तयारीत येऊन फिरायला लागतात.

इथेच एक सापळा आहे. गोल्डफिशला खरं जठर नसतं. तो दिवसभर थोडं थोडं चरणारा मासा आहे, त्यामुळे तो कायम भुकेला दिसतो. त्या केविलवाण्या डोळ्यांना भुलून घरातला प्रत्येक जण जाता-येता चिमूटभर खाणं टाकतो. आजीने सकाळी दिलं, बाबांनी ऑफिसहून आल्यावर दिलं, तुम्ही रात्री दिलं. उरलेलं कुजतं, अमोनिया वाढतो आणि गाडी पुन्हा तिथेच येते. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. चार दिवस गावाला जाताय? निरोगी, वाढलेला मासा तेवढे दिवस सहज काढतो. जाताना मूठभर टाकून गेलात, तर परत आल्यावर गढूळ पाणी मिळेल.

खडी तोंडात घेऊन ‘थू’ करणं हाही गोल्डफिशचा आवडता छंद. त्यात काही बिघडलेलं नाही. खड्यांतून खाण्याचे कण तोंडातच वेगळे करायची त्याची ती पद्धत आहे. खडे फक्त त्याच्या घशात अडकतील एवढ्या मापाचे नसावेत.

घरटं बांधणारा बाप

फायटरच्या टँकमध्ये एका कोपऱ्यात पांढरा फेस जमलेला दिसला, तर साबण पडला की काय असं वाटतं. तो फेस नसून घरटं आहे. नर तोंडाने हवेचे बुडबुडे सोडतो, लाळेने ते टिकाऊ होतात. मादीने अंडी घातली की खाली पडणारं प्रत्येक अंडं तोंडात उचलून तो या फेसात ठेवतो आणि पिलं पोहायला लागेपर्यंत पहारा देतो. मादी नसली तरी तो घरटं बांधतो. ‘घरटं बांधलं म्हणजे मासा खूश आहे’ असं अनेक जण सांगतात, पण खराब पाण्यातला नरही घरटं बांधू शकतो. तेवढ्यावर विसंबून पाणी बदलायचं टाळू नका.

गप्पीकडे याच्या अगदी उलट. गप्पी अंडी न घालता थेट पिलं देतात. मादी नराचं वीर्य काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे ‘एकटी मादी आणली होती, तरी पिलं झाली!’ हा चमत्कार घडतो. आणि मग भूक लागली की आईच पिलांवर ताव मारते. क्रूर वाटतं, पण त्यांना पळायला जागाच नसते. दाट पाणवनस्पती टाकली की बरीच पिलं वाचतात.

एकट्याला करमत नाही

‘एक निऑन, एक टायगर बार्ब, एक एंजल, एक शार्क द्या,’ अशी मिसळ आपण दुकानातून आणतो. फायटर एकटा मजेत राहतो, पण निऑन, टायगर बार्ब हे थव्याने राहणारे मासे. एकटा निऑन दिवसभर झाडामागे दडतो. दोन-तीनच टायगर बार्ब असले तर ते इतरांच्या शेपट्या कुरतडत सुटतात. सहा-आठ जण असले की त्यांची भांडणं त्यांच्यातच होतात आणि एंजलचे पर शाबूत राहतात. ‘हा मासा खुनशी आहे’ हे आपलं निदान. बिचाऱ्याला मित्र नसतात, एवढंच.

याच थवेवाल्यांत आपल्या सह्याद्रीचा एक हिरो आहे. लाल-काळ्या रेघांचा ‘मिस केरला’, म्हणजे डेनिसन बार्ब. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या वाहत्या, ऑक्सिजनने भरलेल्या नद्यांत तो राहतो. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नावच दिलं ‘सह्याद्रिया’. तो इतका देखणा आहे की ॲक्वेरियमच्या बाजारासाठी नद्यांतून वारेमाप पकडला गेला आणि आज धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. दोन फुटी टँकमध्ये हा मासा पिसाटासारखा इकडून तिकडे धावतो, कधी उडी मारून बाहेर पडतो. त्याला आपण ‘ॲक्टिव्ह’ म्हणतो. नदी हवी असलेल्या माशाला दोन फूट दिले, तर तो दुसरं काय करणार? दुकानात तो दिसला तर आधी विचारा, हा टँकमध्ये वाढवलेला आहे की नदीतून पकडलेला?

‘मुक्त’ करू नका

आता या सगळ्यातला सर्वांत गंभीर भाग. काचेला तोंड चिकटवून लटकणारा सकर मासा बहुतेकांच्या टँकमध्ये असतो. दुकानात तो बोटाएवढा असतो, ‘शेवाळ खातो, टँक साफ ठेवतो’ म्हणून आपण आणतो. हळूहळू तो दीड फुटाच्या आसपास जातो. टँकमध्ये मावेनासा झाला की कुणीतरी कनवाळूपणे त्याला जवळच्या तलावात, नदीत नेऊन सोडतो. फोटोला कॅप्शन पडते, ‘फायनली फ्री!’

दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा चिवट आहे. अंगावर चिलखत, परांना काटे, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तगणारा. त्याला आपल्याकडे खाणारं फारसं कुणी नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत तो पसरलाय, २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला आणि आपल्या उजनीतही मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. तो बाजारात विकला जात नाही, काट्यांनी जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या जागेवर, खाण्यावर हात मारतो. म्हणजे एका टेबलावरच्या टँकमधून निघालेला मासा शेवटी कुणाच्या तरी रोजच्या कमाईत शिरतो. वाढलेला मासा झेपत नसेल तर दुकानदाराला परत द्या, मोठा टँक असलेल्या मित्राला द्या, कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटला विचारा. नदी, तलाव, विहीर, नाला, कुठेही सोडू नका. आणि आणण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘‘हा किती मोठा होणार?’’

रोजची पाच मिनिटं

गोल्डफिश एका सेमिस्टरपुरता नसतो. चांगलं पाणी मिळालं तर तो दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ मध्ये एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो गेला १९९९ मध्ये. म्हणजे तब्बल ४३ वर्षं! आपल्याकडे मात्र काचेच्या बाउलमधला मासा महिनाभर टिकला तरी आपण खूश होतो.

फरक पडतो तो बघण्याने. सकाळी चहा घेताना पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा आणि नुसतं बघा. तुमचा मासा रोज कुठे असतो, किती वेळा वर येतो, खाण्यावर कसा झेप घेतो, कुणाशी भांडतो? हे ‘नेहमीचं’ डोक्यात बसलं की बिघाड आपोआप खटकतो. पर अंगाशी मिटून घेतले, अंग खडीवर घासायला लागला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, सगळेच एकदम वर गोळा झाले, खाणं तोंडात घेऊन टाकून दिलं, यातलं काहीही दिसलं तर पहिला उपाय औषधाची बाटली नाही. आधी पाव भाग पाणी बदला, फिल्टर चालू आहे का बघा, पाणी तपासणीचं किट वापरा आणि मग जाणकाराला विचारा.

रील काढायला हरकत नाही. काचेवर नाचणारा मासा दिसला तर काढा खुशाल. फक्त अपलोड करायच्या आधी थर्मामीटर आणि फिल्टरकडे एक नजर टाका.